गावाचे मूळ आणि जुनी दप्तरे : बीड जिल्ह्यातील मंडळ्यांसाठी एक अभ्यासपाठ

वाचनासाठी शास्त्रभाग : एज्रा ५:६ ते ६:५, यिर्मया ३२:६–१५.

बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले लोक यरुशलेमेत मंदिर बांधू लागले, तेव्हा त्या प्रांताच्या अधिकाऱ्यांनी त्यांना विचारले की, हे काम करण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? यहुद्यांच्या वडिलांपाशी त्या वेळी दाखविण्यासारखा कागद नव्हता. आठवण मात्र होती. कोरेश राजाने आम्हांस परवानगी दिली आहे, असे त्यांनी सांगितले. मग दारयावेश राजाच्या आज्ञेने बाबेलच्या दप्तरखान्यात शोध झाला, आणि अखेरीस तो लेख सापडला तो बाबेलात नव्हे, तर दूर मेदी प्रांतातील राजवाड्यात. त्या लेखात मंदिराची उंची व रुंदी, दगडांचे थर आणि खर्च कोणी सोसावा, हे सर्व लिहिलेले होते.

ह्या कथेतून आपल्या आजच्या विषयाला उपयोगी अशा तीन गोष्टी निघतात. पहिली ही की, वडिलांची आठवण खरी असू शकते, परंतु तिला कागदाचा आधार मिळाला म्हणजे ती कोणालाही नाकारता येत नाही. दुसरी ही की, कागद आपण प्रथम शोधतो तेथेच सापडेल असे नाही. तिसरी ही की, मोठ्या राजाच्या दप्तरात लहानशा लोकसमूहाचीही नोंद राहून गेलेली असते.

बीड जिल्ह्यातील खेड्यांत राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी आपल्या गावाचे मूळ शोधावे, व ते कसे शोधावे, हे सांगण्यासाठी हा पाठ लिहिला आहे. “आमचे गाव लहान, त्याला कसला इतिहास?” असे पुष्कळ लोक म्हणतात. गावकुसाबाहेर राहिलेल्या लोकांना तर पिढ्यान्‌पिढ्या असेच सांगण्यात आले की, गावाचा इतिहास म्हणजे पाटलांचा व देशमुखांचा इतिहास. त्यात तुमचा वाटा नाही. हे म्हणणे कितपत खरे आहे, ते जुन्या कागदांनाच विचारले पाहिजे.

१. गावाचे नाव व गावाची माती

दप्तराकडे जाण्यापूर्वी गाव स्वतः काय सांगते ते ऐकावे. आपले जुने लोक गावाचे दोन भाग मानीत : पिकाची जमीन ती काळी, आणि वस्तीची जागा ती पांढरी. शेकडो वर्षे चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती व खापरे एकाच ठिकाणी साचली म्हणजे तेथे उंचवटा होतो व मातीचा रंग पालटतो. शेतात कोठे असे पांढरीचे टेकाड असून त्यावर आज वस्ती नसेल, तर तेथे पूर्वी गाव होते व ते उठून गेले, असे समजण्यास जागा आहे.

नावही बोलते. पिंपळनेर, लिंबागणेश, चिंचवण ह्या नावांत झाडे आहेत. बुद्रुक व खुर्द ही जोडनावे तर आपण नित्य ऐकतो. ‘बुद्रुक’ हा फारसी ‘बुजुर्ग’ शब्दाचा अपभ्रंश असून त्याचा अर्थ थोर असा होतो; ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. एका नावाची दोन गावे असता, फारसी लिहिणाऱ्या कारभारात ती वेगळी ओळखता यावी म्हणून ही जोड पडली. ‘मौजे’ म्हणजे महसुलासाठी मोजले जाणारे स्वतंत्र गाव. ‘मजरा’ म्हणजे त्याच्या शिवारात मागाहून वसलेली वस्ती. ‘कसबा’ म्हणजे बाजारपेठेचे मुख्य गाव. ‘तांडा’ म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. आपले गाव जुन्या यादीत मौजे म्हणून येते की दुसऱ्या गावाचा मजरा म्हणून, एवढे पाहिले तरी त्याच्या वयाचा काही अंदाज बांधता येतो.

२. राज्ये बदलली, लिपीही बदलली

बीडची भूमी एके काळी देवगिरीच्या यादवांची होती. पुढे ती दिल्लीच्या सुलतानांकडे, १३४७ नंतर बहामनी राज्याकडे, त्यानंतर मुख्यत्वे अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेली. १६३६ साली निजामशाही बुडाल्यावर मोगलांचा अंमल पक्का झाला, आणि १७२४ पासून हैदराबादच्या निजामाचे राज्य सुरू झाले. ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले. १९५६ साली बीड मुंबई राज्यात आले, व १९६० साली महाराष्ट्रात.

ज्याचे राज्य त्याची लेखणी. म्हणून एकाच खेड्याचा इतिहास संस्कृत व जुन्या मराठी शिलालेखांत, फारसी कागदांत, मोडी रुमालांत, उर्दू नोंदवह्यांत आणि शेवटी बाळबोध मराठीत विखुरलेला आहे. नावेही बदललेली आहेत. अंबाजोगाईला निजामाच्या काळी मोमिनाबाद म्हणत; धारूर मोगली कागदांत फत्तेहाबाद ह्या नावाने येते; बीडचे नाव कोठे बीर, तर कोठे भीर असे लिहिलेले आढळते. हे ठाऊक नसेल तर समोर असलेला कागदही आपण परका म्हणून बाजूला ठेवू.

सर्वांत जुनी नोंद दगडावरची. अंबाजोगाई येथे सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर ह्याच्या घराण्याचे शके ११५० व शके ११६२ चे लेख आहेत. दुसऱ्या लेखावरून कळते की, खोलेश्वराचा पुत्र राम लढाईत पडला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देवालय बांधले. आठशे वर्षांपूर्वीच्या एका बहिणीचे दुःख आज आपणांस कळते, कारण ते कोणी तरी कोरून ठेवले. त्याच काळाच्या पुढे महानुभाव पंथीयांनी ‘स्थानपोथी’ लिहिली. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले तेथील देवळे, नद्या व दिशा तीत नोंदल्या आहेत. आपला धर्म वेगळा असला तरी गोदाकाठच्या खेड्यांच्या अभ्यासकाने ती अवश्य पाहावी.

३. हैदराबादचे दप्तर

निजामाच्या राज्याचे जुने दप्तर हैदराबाद येथे आहे व ते आज तेलंगण राज्याच्या अभिलेखागारात सांभाळले जाते. तेथे शहाजहान व औरंगजेब ह्यांच्या काळचे दख्खनचे सुमारे दीड लाख फारसी कागद आहेत. त्यांतील बहुतेक कागद मनसबदारांच्या जहागिरी आणि घोडे व शिपाई ह्यांच्या हजेऱ्या ह्यांविषयी आहेत. खेडे त्यांत येते ते पुष्कळदा नाव व वसुलाचा आकडा एवढ्याच रूपाने. तथापि अमुक साली हे गाव होते व इतका वसूल देत होते, एवढे कळणे हाही मोठा लाभ होय.

पहिले सालारजंग १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत मक्त्याने वसूल करण्याची जुनी रीत मोडून जिल्हे व तालुके बसविण्यात आले, आणि पुढे जमिनीची मोजणी झाली. तेव्हापासून खेड्यांचे कागद भरघोस मिळू लागतात. ‘सेतवार’ हा मोजणीनंतर सर्व्हे नंबर, क्षेत्र व आकार लिहून तयार केलेला मूळ कागद. ‘मुंतखब’ हा इनामाच्या चौकशीचा निर्णय. देवळाला, दर्ग्याला किंवा वतनदाराला जमीन कोणी व कशासाठी दिली, ते त्यात सापडते. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या. त्यानंतर १९५४–५५ च्या सुमारास तयार झालेले खासरा पत्रक मराठवाड्याच्या जमिनींच्या तंट्यांत आजही वारंवार काढले जाते. हे कागद तहसील कचेरी, भूमी अभिलेख कार्यालय व जिल्हाधिकारी कचेरीचा अभिलेख कक्ष ह्या ठिकाणी शोधावे.

शिरगणतीही विसरू नये. निजामाच्या राज्यात पहिली शिरगणती १८८१ साली झाली. १८९१ व १९०१ ह्या दोन गणती शेजारी ठेवून पाहिल्या, तर बीड जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी पुष्कळच घटलेली दिसते. मधल्या काळात १८९९–१९०० चा भयंकर दुष्काळ होऊन गेला. आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या उपासमारीच्या गोष्टींना हा आकड्यांचा दुजोरा आहे.

४. पुण्याचे दप्तर

येथे वाचक विचारतील की, बीड निजामाकडे होते, तर पुण्याच्या दप्तराशी त्याचा संबंध काय? संबंध असा की, १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मिळाला. म्हणजे गाव निजामाचे, परंतु वसुलाचा वाटा मराठ्यांचाही. ह्या दुहेरी अंमलामुळे निजामाच्या खेड्यांची नावे पेशवे दफ्तराच्या मोडी कागदांतही येतात. त्या दफ्तरातून गो. स. सरदेसाई ह्यांनी १९३० पासून पुढील काही वर्षांत ४५ खंडांत निवडक कागद छापले. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानेही असे पुष्कळ कागद गोळा केले आहेत.

लढाई झाली म्हणजे लहान गावही कागदावर चढते. गोदावरीच्या काठचे राक्षसभुवन हे गेवराई तालुक्यातील एक खेडे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे माधवराव पेशव्याने निजामाच्या सैन्याचा पराभव केला, आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. परंतु खेड्याच्या अभ्यासकाने विजयाच्या बातमीवर थांबू नये. सैन्य ज्या वाटेने गेले त्या वाटेवरच्या शेतांचे काय झाले, वैरण कोठून आली, किती कुळे गाव सोडून गेली, हे त्याने शोधावे. गाव उजाड झाले की कागदात ‘बेचिराख’ असा शेरा येतो. म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे. पुन्हा वसाहत करावयाची झाल्यास सरकार कौल देई, व पहिल्या वर्षी थोडा, मग वर्षावर्षाने वाढत जाणारा सारा ठरवी. ह्या रीतीला इस्तावा म्हणत. आपल्या गावाचा कौल सापडला तर तोच त्याच्या नव्या जन्माचा दाखला समजावा.

५. महजर, आणि त्यावरील खुणा

जुन्या कागदांत आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असा प्रकार म्हणजे महजर. वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गावची सभा, अर्थात गोतसभा बसे, साक्षी होत, आणि निर्णय लिहून त्यावर हजर असलेल्यांची नावे घालीत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याच्या हत्याराची खूण काढीत. पाटलाची खूण नांगर; त्याचप्रमाणे बलुतेदारही आपापल्या हत्याराचे चित्र काढीत. पाटील व कुलकर्णी ह्यांच्याबरोबर सुतार, लोहार, चांभार, महार, मांग हेही पुष्कळ महजरांत हजर आहेत.

शिवेच्या तंट्यात महाराच्या साक्षीला मोठे वजन असे. शीव कोठून कोठे जाते, कोणत्या ओढ्याला वळते, कोणत्या दगडापाशी थांबते, हे गावात सर्वांहून अधिक त्यालाच ठाऊक असे. कारण राखण करणे, वाट दाखविणे, वेशीवर पहारा देणे हे त्याचे काम. त्र्यं. ना. आत्रे ह्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांचे व हक्कांचे सविस्तर वर्णन आहे, आणि स्कॉटिश मिशनरी रेव्ह. अलेक्झांडर रॉबर्टसन ह्यांनी १९३८ साली महार समाजावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दोन्ही ग्रंथ अभ्यासण्यासारखे आहेत.

आता विचार करा. ज्याला गावात घर बांधू दिले नाही, ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला, त्याच्याच शब्दावर गावाची शीव ठरत होती. गावाच्या इतिहासात तुमचा वाटा नाही असे जे म्हणतात, त्यांना गावाचा स्वतःचा कागदच उत्तर देतो. परंतु त्याबरोबर दुसरी गोष्टही सत्याला धरून सांगितली पाहिजे. हे कागद सत्ता हाती असलेल्यांनी लिहिले. वसूल, चाकरी किंवा तंटा असेल तेव्हाच गरिबाचे नाव त्यांत येते. त्याचे सुखदुःख येत नाही. स्त्रियांची नावे तर क्वचितच दिसतात. म्हणून कागदात जे नाही ते घडलेच नाही, असे कधीही समजू नये.

६. सालाचा हिशेब

जुना कागद हाती आला की पहिली अडचण सालाची. पुढील गणित ध्यानात ठेवावे. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. म्हणून शके ११५० म्हणजे १२२८. निजामाच्या राज्यातील फसली सनात ५९० मिळवावे. सन १३५८ फसली म्हणजे १९४८ च्या ऑक्टोबरपासूनचे वर्ष. मराठी कागदांतील सुहूर सन मृगापासून, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होतो. त्यात ५९९ मिळवावे, आणि जानेवारीनंतरचा महिना असल्यास ६००. हा सन अरबी शब्दांत लिहीत. ‘अर्बा सितैन मया व अलफ’ म्हणजे चार, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६४, म्हणजे १७६३–६४. राक्षसभुवनची लढाई ह्याच सालातील. हिजरी वर्ष मात्र चांद्र असून लहान असते, त्यामुळे तेथे केवळ बेरीज चालत नाही; कोष्टक पाहावे लागते.

७. मंडळीचे स्वतःचे दप्तर

सरकारी दप्तरांत जी उणीव आहे ती भरून काढणारे एक दप्तर आपल्या मंडळ्यांपाशी आहे; ते म्हणजे बाप्तिस्मा, विवाह व प्रेतक्रिया ह्यांच्या नोंदवह्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, बापाचे नाव आणि आईचेही नाव असते. ज्या काळी सरकारी कागद गरीब घरच्या आईला ओळखत नव्हता, त्या काळी पाळकाने तिचे नाव लिहून ठेवले, ही लहान गोष्ट नव्हे.

मिशनचे छापील अहवालही पाहावे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे काम सुरू केले. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाला, आणि १८८२ साली मिशनच्या १८१३ पासूनच्या कार्याचा स्मारकग्रंथ छापला गेला. आष्टी व पाटोदा हे तालुके नगरच्या बाजूचे. तेथील मंडळ्यांनी ही जुनी पाने विशेष लक्षपूर्वक चाळावी. उत्तरेस जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनी सालारजंगाकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसविली. वस्ती कोणी, कोणाच्या जमिनीवर व कशासाठी वसविली, हे तिच्याविषयी आपण सांगू शकतो, कारण ते लिहून ठेवलेले आहे.

असे असता आपल्या नोंदवह्यांची स्थिती काय आहे? कित्येक ठिकाणी त्या पेटीत कुजत आहेत, वाळवीच्या तोंडी पडल्या आहेत, किंवा पाळक बदलताना हरवल्या आहेत. यिर्मयाने अनाथोथचे शेत विकत घेतले तेव्हा खरेदीखताचे दोन्ही कागद मातीच्या भांड्यात घालून ठेवण्यास सांगितले, ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून. शत्रूचा वेढा पडलेला असता त्याने कागद जपला, कारण पुढे पुन्हा शेते विकत घेतली जातील असा त्याला विश्वास होता. कागद जपणे हे आशेचे काम आहे.

८. कागद मेलेला नसतो

जुन्या कागदांचा आज उपयोग काय, असे कोणी म्हणेल. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली, आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. तेव्हा कचेऱ्यांतील जुन्या वह्या बाहेर निघाल्या. खासरा पत्रके, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांतील प्रवेश-निर्गमाची पुस्तके तपासण्यात आली, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या प्रश्नाविषयी लोकांची मते काहीही असोत. एवढे मात्र सर्वांस दिसून आले की, पणजोबांच्या नावापुढे लिहिलेला एक शब्द पणतवंडाच्या शिक्षणावर व चाकरीवर परिणाम करू शकतो. म्हणून कागदात जे आहे तेच वाचावे. आपल्याला हवे ते त्यात घालणे, किंवा नको ते झाकणे, हे खोट्या साक्षीचे पाप आहे.

मंडळीने करावयाची कामे

१. गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांकडून वस्ती, विहीर, दुष्काळ, रोगराई व पहिले ख्रिस्ती कुटुंब ह्यांविषयी माहिती विचारून लिहून घ्यावी, आणि सांगणाराचे नाव व तारीख घालावी.

२. तरुणांनी गावची शीव एकदा पायी फिरावी. शिवारांची, ओढ्यांची व माळांची जुनी नावे टिपावी.

३. तहसील कचेरीत रीतसर अर्ज करून खासरा पत्रकाची व इतर जुन्या नोंदींची नक्कल मिळवावी.

४. प्रत्येक तालुक्यात निदान एका तरुणाने मोडी व एकाने उर्दू वाचण्यास शिकावे.

५. मंडळीच्या नोंदवह्यांची पाने मोबाइलने स्वच्छ टिपून त्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या. मूळ वही कोरड्या जागी, सुती कापडात बांधून ठेवावी. तिला चिकटपट्टी लावू नये.

विचारासाठी प्रश्न

१. यहुद्यांच्या वडिलांची आठवण व राजाचा लेख ह्यांपैकी कोणते अधिक महत्त्वाचे होते? दोहोंची गरज का पडली?

२. आपल्या गावाविषयी आपण जे सांगतो, त्यातील किती भाग ऐकीव आहे व किती भागाला लेखी आधार आहे?

३. आपल्या मंडळीची सर्वांत जुनी नोंदवही कोणत्या सालची आहे? ती आज कोणापाशी आहे?

प्रिय वाचकहो, मलाखी संदेष्टा सांगतो की, परमेश्वराचे भय धरणारांसाठी त्याच्यासमोर स्मरणाचे पुस्तक लिहिले गेले. ज्या देवापुढे लहानातल्या लहानाचेही नाव विसरले जात नाही, त्याच्या लोकांनी आपल्या वडिलांची नावे वाळवीच्या हवाली करू नयेत. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची पेटी उघडावी, आणि तीत काय आहे ते सर्वांनी मिळून पाहावे.